माझ्या पानावरचे 'बरे आहे'

मित्रांनो, मी एक जुनी दोनशे पानी वही आहे. मालवणच्या बाजारात टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे एक दुकान आहे. तिथल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि त्या पायाखाली मी राहते. पाय आखूड नसता तर मी कधीच रद्दीत गेले असते. माझ्या तांबड्या कापडी पाठीला कसर लागली आहे, खाऱ्या हवेने पाने फुगली आहेत. पण अजून मला प्रत्येक पानावरचे अक्षर पाठ आहे.

वहीने आपली गोष्ट सांगायची म्हणजे शाईचे डाग, दुमडलेले कोपरे आणि शेवटी 'वह्या नीट वापरा बरे का' असे तुम्हाला वाटत असेल. तसले काही सांगायला मी तोंड उघडलेले नाही. मुळात मला तोंडच नाही, आणि माझे सगळे दुःख तेच आहे.

माझा कागद कुठे तयार झाला ते मला आठवत नाही. आठवते ते रेघा मारणारे यंत्र. त्याने माझ्या अंगावर निळ्या रेघा ओढल्या तेव्हा गुदगुल्या झाल्या होत्या. मग शिवण, पाठीला कापड, आणि मालवणातल्या एका दुकानाचे फळकूट. माझ्या शेजारच्या वह्या एकेक करून शाळेत गेल्या. आपल्याही नशिबी गृहपाठ आणि लाल फुल्या येणार, अशी मी मनाची तयारी केली होती.

पण १९८४ साली, गणपतीच्या आधी, हरिश्चंद्र दुकानात आला. त्याच्या बोटांना तारा जोडताना झाळ मारायच्या राळेचा वास होता. त्याने मला उचलले, पाने फर्रर्र करून कानाशी नेली आणि म्हणाला, "ही दी. हिचो आवाज बरो आसा." वहीचा आवाज ऐकून वही घेणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही. मी त्याच दिवशी त्याची झाले.

हरिश्चंद्र सातवी शिकलेला, चाळिशीचा, एकटा माणूस. तालुक्यातले सगळे बिघडलेले टेप त्याच्याकडे यायचे. टेप उघडण्याआधी तो कान लावून ऐकायचा आणि कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायचा. त्याचा एक मित्र, बाबली, बोटीवर खलाशी होता. तो परदेशी बंदरांतून कॅसेट आणायचा. दुकानात मांडलेल्या, चकचकीत कागदाच्या कॅसेट नव्हेत त्या. कुठल्यातरी परक्या गावातल्या चार पोरांनी घरातल्या घरात भरलेल्या, हाताने नावे लिहिलेल्या. त्यांत गिटार कधी करवतीसारखी ओरडायची, तर कधी इतकी हळू वाजायची की हरिश्चंद्र पंखा बंद करायचा. इथे पोहोचेपर्यंत खाऱ्या हवेने नावांची शाई उतरून जायची. मग आमची माणसे स्वतःच नावे ठेवायची. एका टेपेत सुरुवातीलाच कुणीतरी खोकले होते, तिचे नाव 'खोकणाऱ्याची टेप'. एकीचे नाव 'गंजक्या तारेवाले'. त्या परक्या पोरांना कधी कळलेही नसेल की सातासमुद्रापलीकडे त्यांचे असे बारसे झाले आहे.

बाजारात या संगीताला 'डबे बडवणे' म्हणत. ते आवडणारी माणसे अख्ख्या टापूत चारच होती आणि चौघे चार गावांत राहत. मालवणात हरिश्चंद्र. मसुऱ्याला पोस्टातला काशिनाथ. कट्ट्याच्या शाळेतल्या विमलाबाई. वेंगुर्ल्याला हाफिज. चौघांनी भेटून बोलायचे म्हटले तर वर्षातून एकदा जमले असते. म्हणून हरिश्चंद्राने युक्ती काढली. एका कापडी पिशवीत एक टेप आणि मी. ही पिशवी एस.टी.चा कंडक्टर गंगाराम मसुऱ्याला पोचवी, तिथून ती कट्ट्याला, कट्ट्याहून वेंगुर्ल्याला, आणि परत कट्ट्यावरून मालवणला. ज्याच्या हाती पिशवी येईल त्याने टेप ऐकायची आणि माझ्यात मत लिहायचे. दुसऱ्याचे मत पटले नाही तर त्याखाली उत्तर द्यायचे. नियम एकच होता. लिहिलेले खोडायचे नाही.

नोकरीच्या ठिकाणी आणि घरी चेष्टा नको म्हणून सगळ्यांनी माशांची टोपणनावे घेतली. हरिश्चंद्र झाला मोरी, काशिनाथ खवळा, हाफिज पेडवा. विमलाबाई घाटावरच्या, कोल्हापूरकडच्या, आणि शाकाहारी. त्यांनी बरेच आढेवेढे घेऊन 'भेंडी' असे नाव लिहिले आणि ते शेवटपर्यंत टिकले.

काय दिवस होते ते! पिशवी यायच्या दिवशी काशिनाथ पोस्टाच्या पायरीवर उभा राहायचा. कट्ट्याच्या स्टँडवर विमलाबाई छत्री घेऊन थांबायच्या. मला उघडायला माणसे हात पुसून बसायची. माझ्यात भांडणे व्हायची, आणि ती वाचायला गंगाराम टपलेला असायचा. खोकणाऱ्याच्या टेपेवरून मोरी आणि भेंडीचे अकरा पाने युद्ध झाले. कट्ट्याला बस थांबली असताना दोघे समोरासमोर आले तर मात्र "कशा आहात?" आणि "पाऊस लांबला" एवढेच बोलत. मला तेव्हा या गोष्टीचा अभिमान वाटायचा. समोर जे बोलवत नाही ते माझ्या पानावर उतरते, म्हणजे मी किती मोठी, असे वाटायचे. मी किती मूर्ख होते ते मला पुढे कळले.

काशिनाथला सगळेच 'उत्तम' वाटे. टेप न ऐकता उत्तम लिहून तो पिशवी पुढे ढकलतो, हे मला ठाऊक होते, कारण माझ्याबरोबरची टेप कितीदा जिथल्या तिथे गुंडाळलेली राही. या कौतुकाला कंटाळून १९८५ साली विमलाबाईंनी माझ्या कव्हरच्या आतल्या बाजूला लाल शाईने श्रेणी लिहिल्या. उत्तम, चांगले, बरे, सामान्य, टाकाऊ. पाच पायऱ्या, प्रत्येकीला आकडा. प्रत्येकाने यातलाच शब्द वापरावा अशी खाली सूचना होती. बाईंचा तो पेशाच होता, त्यांना दोष कसा देऊ?

पण हरिश्चंद्राने कव्हरच्या आत कधी पाहिलेच नाही. झाळ मारायच्या तारेचा एक तुकडा तो खूण म्हणून माझ्यात ठेवायचा आणि तिथेच मला उघडायचा. तो आपल्याच शब्दांत लिहायचा, आणि तेही फार जपून. बोलताना तो पक्का मालवणी. पण लिहिताना त्याला शाळेतले गुरुजी आठवत. लिहायचे म्हणजे 'आसा'चे 'आहे' करायचे, 'माका'चे 'मला' करायचे. प्रत्येक शब्दाला कोट घालून, टोपी चढवून तो पानावर पाठवायचा.

आता हाफिजबद्दल सांगते. तो वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात कारकून होता. कोल्हापूरला राहून बी. कॉम. झालेला, पंचविशीचा, लाजरा. त्याच्या मामाने, अब्दुलने, बोटीवरून एक गिटार आणून दिली होती. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजू नयेत म्हणून तो त्यांना खोबरेल लावायचा, त्यामुळे माझ्या पानांवर त्याच्या बोटांचे तेलकट ठसे उमटायचे. त्याच्या डाव्या हाताची बोटे टोकाशी निबर झाली होती. इतरांच्या टेपांवर तो सगळ्यांत कमी लिहायचा, पण लिहायचे तर नेमके लिहायचा. 'तिसऱ्या गाण्यात गिटारवाला घाबरला आहे' असे त्याने एकदा लिहिले. हरिश्चंद्राने ते गाणे पुन्हा ऐकले आणि मान डोलावली.

१९८६च्या मार्चमधली गोष्ट. मी वेंगुर्ल्यात होते. हाफिजने कारकुनांच्या दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या कोठीत बसून एक टेप भरली होती. चार धुना, गिटार एकटी. त्याने तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: 'टेप ३१. वादकाचे नाव माहीत नाही. गोव्याहून आली.' मग ती पिशवीत माझ्याशेजारी ठेवली. त्याची धाकटी बहीण खतिजा दारात उभी होती. तिला सगळे ठाऊक होते.

"आणि पणजीच्या हॉटेलवाल्याक काय कळवलंस?" तिने विचारले.

"तेका मे महिन्यापर्यंत गिटारवालो व्हयो. वायच थांब म्हटलंय."

"आणि मामा?"

"मामाचो कुवेतच्या नोकरीचो कागद पण मेपर्यंतच चलता." हाफिजने पिशवीचे तोंड बांधले. "हरिभाऊंनी बरां म्हटल्यानी तर मी गोयांत जातलंय. नायतर मामाचो कागद आसाच."

"काशिनाथ आणि त्या बाई काय म्हणतीत तां?"

"तेंचा सोड. कान हरिभाऊंचो."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. 'हरिभाऊंनी बरां म्हटल्यानी तर.' हे त्याचे स्वतःचे शब्द होते. त्याच्या स्वतःच्या जिभेवर, त्याच्या स्वतःच्या घरात उच्चारलेले.

पिशवी कट्ट्याला न उघडता, नुसती गाडी बदलून मालवणला पोचली. हरिश्चंद्राने टेप लावली आणि दोन मिनिटांत त्याचा हात कामावरून थांबला. गिटारच्या मागे, अगदी बारीक, टक-टक आवाज येत होता. बायका कारखान्यात काजू फोडतात त्याचा. गोव्याहून आलेली टेप म्हणे! तो गालातल्या गालात हसला. मग हसणे थांबले आणि तो नुसताच ऐकत राहिला. त्याने ती टेप सात वेळा ऐकली. गिऱ्हाईक आले, त्याला "मागसून ये" म्हणून परत धाडले. दुसऱ्या दिवशी गंगाराम पिशवी न्यायला आला तेव्हा टेप चालूच होती.

"कोण रे ह्यो?" गंगारामने विचारले.

"आसात कोणतरी. पण बरां वाजयता रे! बरां म्हणजे बरांच वाजयता!" हरिश्चंद्राचे डोळे भरले होते. मी समोर उघडी होते, म्हणून सांगते.

"मगे लिव तसां."

"लिवतंय. तो नाव लपवता, तर मी तेका उघडो कित्याक पाडू? शाणो आसा, कळात तेका."

त्याने पेन घेतले. खूप वेळ टोपण चावले. पहिल्यांदा त्याला लांबलचक लिहायचे होते, पण एवढे मोठे मराठी त्याच्याने जुळेना. मग त्याने ओठांवरचाच शब्द घेतला, त्याला कोट घातला, टोपी चढवली आणि ठळक अक्षरांत लिहिले: 'बरे आहे.' पेन इतके दाबून धरले होते की खालच्या तीन पानांवर त्याचा वण उमटला. त्याने त्याआधी माझ्यात तो शब्द कुणासाठीही लिहिला नव्हता. परक्या टेपांना तो 'ठीक', 'जमले', 'कान दुखला' असले काही लिहायचा. 'बरे' त्याने दीड वर्ष राखून ठेवले होते.

मसुऱ्याला काशिनाथने सवयीने 'उत्तम' लिहिले. टेप गुंडाळीतून बाहेरही निघाली नाही.

कट्ट्याला विमलाबाईंनी टेप ऐकली. त्यांनाही ती आवडली होती, हे मी शपथेवर सांगते, कारण ऐकताना त्या वह्या तपासायच्या विसरल्या. त्या 'चांगले' लिहायला निघाल्या होत्या. पण वर मोरीचे 'बरे आहे' दिसले. तालुक्यातल्या सर्वांत चांगल्या कानाने तिसरी श्रेणी दिली, मग आपणच दुसरी दिली तर आपला कान कच्चा ठरेल, अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी लाल शाईने लिहिले: 'मोरी यांच्याशी सहमत. बरे. तिसरी श्रेणी. होतकरू वादकाने अधिक मेहनत घ्यावी.' आणि खाली सहीची रेघ ओढली. एवढ्या एका भ्याड शेऱ्याने आणि त्याच्या त्या ऐटबाज रेघेने माझ्या अंगावर आयुष्यभराचा व्रण ठेवला.

हाफिजने मला उघडले तेव्हा खतिजा शेजारी बसली होती. त्याने आधी हरिश्चंद्राची ओळ वाचली. मग बाईंची. मग कव्हर उघडून श्रेणींवरून बोट फिरवले. एक, दोन, तीन. मला ओरडावेसे वाटत होते. अरे, मोठ्याने वाच! तुझ्या आईच्या भाषेत वाच! गेल्या महिन्यात तूच काय म्हणाला होतास ते आठव! पण छापील, लिहिलेला शब्द डोळ्यांनी वाचायची सवय त्याला कॉलेजात लागली होती. कोल्हापूरच्या प्राध्यापकांचे 'बरे' त्याने पेपरांवर पाहिले होते. तोच शब्द हरिश्चंद्राच्या तोंडून ऐकला असता तर तो उठून नाचला असता. कागदावर तो त्याला ओळखता आला नाही.

"काय लिवल्यानी?" खतिजाने विचारले.

"तिसरो नंबर," तो म्हणाला.

त्याने पेन घेऊन लिहिले: 'टेप ३१ माझी होती. हरिभाऊंनी बरे म्हटले, तिसरी श्रेणी. निकाल कळला. सर्वांचे आभार. यापुढे पिशवी मला पाठवू नये. पेडवा.' त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

परतीच्या वाटेवर पिशवी कट्ट्याला उतरली. एप्रिल संपत आला होता, शाळेचा शेवटचा दिवस. विमलाबाईंनी ती ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. शाळेचा शिपाई लवू, पन्नाशीचा माणूस, खिडक्या लावत होता. बाई त्याला म्हणाल्या, "बघा हो लवू, हरिभाऊंनी 'बरे आहे' एवढे लिहिले, तर हाफिज रुसून पिशवीच नको म्हणतोय."

लवू हसला. "बरां म्हटल्यानी आणि रुसलो? कित्याक बाई? आमच्या हंय बऱ्याच्या वर काय नसता. म्हावरां बरां, नारळ बरो, सून बरी. आणखी काय व्हया?"

बाई खुर्चीवर बसल्या. चार वर्षे त्या कट्ट्याला होत्या. चार वर्षे हा शब्द रोज त्यांच्या कानांवर पडत होता आणि त्यांनी तो आपल्याकडच्या अर्थाने ऐकला होता. आता सगळे त्यांच्या लक्षात आले. मी पाहत होते. त्यांनी एक पोस्टकार्ड काढले. 'चि. हाफिज, माझ्याकडून एक मोठी चू' एवढे लिहिले आणि पेन थांबले. मित्रांनो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ ओढलेल्या हाताला 'चूक' हा शब्द स्वतःसाठी पुरा करता आला नाही. त्यांनी कार्ड फाडले. मग ब्लेड घेतले आणि आपला लाल शेरा खरवडून काढला. अक्षर अन् अक्षर. खोडायचे नाही हा नियम त्यांनीच सर्वांत कडकपणे पाळला होता. माझा कागद तिथे इतका पातळ झाला की पलीकडचे दिसू लागले. तिकडे कोल्हापूरच्या गाडीची वेळ झाली होती. त्यांनी मला कपाटात टाकले, कुलूप लावले आणि त्या सुट्टीवर गेल्या.

मेचा पूर्ण महिना मी त्या कपाटात, जुन्या नकाशांच्या शेजारी पडून होते. तो महिना मी कधी विसरणार नाही. पणजीच्या हॉटेलाची मुदत त्याच महिन्यात होती, कुवेतच्या कागदाचीही. बाहेर आंबे पिकत होते, आणि मला एकेक दिवस मोजत बसण्यापलीकडे काही करता येत नव्हते.

जूनच्या मध्याला शाळा उघडली. बाईंची बदली झाली होती. त्या आल्याच नाहीत. लवूने कपाट उघडले आणि पिशवी गंगारामकडे दिली. हरिश्चंद्राने नेहमीप्रमाणे तारेच्या खुणेपाशी मला उघडले. हाफिजची ओळ वाचली. पुन्हा वाचली. 'तिसरी श्रेणी' म्हणजे काय ते त्याला उमगेना. मग त्याने पहिल्यांदाच माझे कव्हर उघडून आत पाहिले. पाच शब्द. त्यातला तिसरा त्याचा. तो हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून तसाच उठला आणि मला काखेत मारून वेंगुर्ल्याच्या गाडीत बसला.

दार खतिजाने उघडले.

"आता आयलात हरिभाऊ? तो कुवेतक गेलो. पंधरा दीस झाले."

"अगो, पण मी..."

"तुमी तेका वायट तरी म्हणाचां होतां. वायट म्हटलां असतात तर तो भांडलो असतो, आणि आणखी जोरान वाजयलो असतो. तुमी बरे म्हटलात. तिसरो नंबर दिलात."

"मी बरांच म्हटलंय गो!" हरिश्चंद्राचा आवाज चिरकला. "बरां म्हणजे बरां! तेच्या वर काय आसता? माझ्याकडे तेच्या वर शब्दच नाय!"

खतिजालाही हळूहळू उमगले. तिने मला त्याच्या हातातून घेतले, त्या ओळीवरून बोट फिरवले आणि ओठांनी तो शब्द म्हणून पाहिला. आधी 'बरे'. मग 'बरां'. तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही.

"लिवलात तां लिवलात," ती म्हणाली. "पण तोंडान सांगूक काय झाल्लां तुमका? वेंगुर्ल्याची गाडी रोज आसता मां?"

हरिश्चंद्र पायरीवरच बसला.

"आता तेका कळवू नकात," तिने मला परत देत सांगितले. "तीन वर्सां तो थंयसून सुटूचो नाय. कळलां तर नुसतो झुरात."

हरिश्चंद्राने मान हलवली. त्यानंतर माझ्यात कुणी काही लिहिले नाही. बाबली टेपा आणायचा, त्या खोक्यात पडून राहायच्या. काशिनाथने दोनदा निरोप धाडला, 'पिशवी का येत नाही?' तिसऱ्यांदा धाडला नाही. गंगारामची बदली दुसऱ्या डेपोला झाली. मी शेल्फावर होते, नंतर शेल्फाच्या मागे गेले. माणसे आपली लाज अशीच हळूहळू मागे सरकवतात.

तीन वर्षे गेली. १९८९ साली, दिवाळीनंतर, दुकानासमोर एक जाडसर माणूस येऊन उभा राहिला. हातात दोन भोंग्यांचा भला मोठा टेप, मनगटावर सोनेरी घड्याळ.

"काय हरिभाऊ, बरे आसात मां?"

तो शब्द ऐकून हरिश्चंद्राच्या हातातून झाळ मारायची सळई निसटली. हाफिज होता तो. सुट्टीवर आला होता. टेपाचा एक भोंगा वाजत नव्हता. हरिश्चंद्राने खाली मान घालून तो उघडला, तुटलेली वायर जोडली. मग परीक्षा घ्यायला म्हणून त्याने ड्रॉवरमधून एक कॅसेट काढली आणि लावली.

गिटार वाजू लागली. मागे बारीक टक-टक. हाफिज खिशात हात घालून उभा होता. त्याचे हात हळूहळू बाहेर आले. डाव्या हाताची बोटे हवेतच जागा शोधू लागली, आणि चुकली. पहिली धून संपली.

"बरां वाजयत होतंय मी, हरिभाऊ," तो म्हणाला.

"तांच लिवललंय मी," हरिश्चंद्र म्हणाला. "तांच."

त्याने मला शेल्फाच्या मागून काढले, धूळ झटकली आणि तारेच्या खुणेपाशी उघडून त्याच्यापुढे धरले. हाफिजने वाचले. या वेळी त्याने मोठ्याने वाचले. 'बरे आहे.' आणि मग, तीन वर्षे उशिरा, त्याच्याच जिभेने तो शब्द त्याला घरी आणून दिला. मला वाटले तो ओरडेल. मला पान फाडेल असेही वाटले, आणि त्याने फाडले असते तर मी आनंदाने फाटले असते. त्याने फक्त त्या खरवडलेल्या जागेवर बोट ठेवले. पूर्वीचे निबर बोट नव्हते ते, मऊ होते. कागद आधीच पातळ, तो फाटून बोट आरपार गेले.

"हंय काय होतां?" त्याने विचारले.

"म्हायत नाय," हरिश्चंद्र म्हणाला. त्याला खरेच माहीत नव्हते. मला होते.

"गिटार आसा मां अजून?" हरिश्चंद्राने घाबरत विचारले.

"माळ्यार आसा. मान वाकली तिची." हाफिजने टेप उचलला. दारात जाऊन तो थांबला. "सोमवारी जातंय परत," एवढेच म्हणाला.

तो गेल्यावर हरिश्चंद्राने माझे कव्हर उघडले. लाल शाईच्या पाच शब्दांच्या वर, 'उत्तम'च्याही वर, थोडी जागा होती. तिथे त्याने पेन दाबून लिहिले: 'बरां'. कोट नाही, टोपी नाही, बोलतो तसे. माझ्या दोनशे पानांतला तो पहिलाच मालवणी शब्द, आणि शेवटचाही. मग त्याला मी बघवेना आणि टाकवेना, म्हणून त्याने मला टेबलाच्या पायाखाली सरकवले. टेबल आता हलत नाही.

मित्रांनो, मला झाडून पुसून कपाटात ठेवा, असे मी म्हणत नाही. वही जपली काय आणि कसरीने खाल्ली काय, फारसे बिघडत नाही. तुम्हीही पुढे कुठे ना कुठे मते लिहाल. टोपणनावाने लिहाल, श्रेणी द्याल, चार माणसांत आपला कान कच्चा ठरू नये म्हणून एक पायरी खाली उतराल. खुशाल लिहा. पण कुणाचे काही मनापासून आवडले, तर ते कागदाच्या भरवशावर सोडू नका. उठा, गाडी पकडा, त्याच्या दारात उभे राहा आणि त्याच्या भाषेत त्याला सांगा. मी वही आहे, मला तोंड नाही. तुम्हाला आहे.